"नेट नाही" म्हणजे नेमके काय नाही? पीकनोंद, कापूस नोंदणी आणि खेड्यातली कमजोर लाइन

कपाशीची पाने पिवळी पडली की बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येते, "युरिया कमी पडला." जवळ जाऊन पाहिले तर कधी खरेच नत्र कमी असते, कधी मुळाशी पाणी साचलेले असते, तर कधी पानाच्या मागे तुडतुडे बसलेले असतात. सप्टेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात मोताळा तालुक्यातील रोहिणखेडला गेलो तेव्हा हाच प्रकार मोबाईलच्या बाबतीत पाहिला. ई-पीक पाहणीची शेतकरी स्तरावरची मुदत १४ सप्टेंबरला संपत होती. एकाच सकाळी तीन शेतकऱ्यांनी मला एकच तक्रार सांगितली, "सर, नेटच नाही."

पहिल्याचा ओटीपी येत नव्हता. दुसऱ्याने वावरात उभे राहून पऱ्हाटीचा फोटो काढला होता, पण तो चढत नव्हता. "मघापासून गोल गोल फिरूनच राह्यलं," तो म्हणाला. तिसऱ्याच्या फोनवर रेघा पूर्ण होत्या, पण ॲप पुढे सरकत नव्हते. तक्रार एकच असली तरी दोष तीन वेगवेगळ्या ठिकाणी होते. त्यातल्या एकाचे निदान मी स्वतः चुकवले, ते पुढे सांगतो.

एका नोंदीवर किती गोष्टी लटकल्या आहेत

ई-पीक पाहणी राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. तेव्हा "नाही झाली तर बघू" असे म्हणून चालत होते. आता तसे राहिलेले नाही. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा आहे. पीकविम्यासाठी आणि नुकसानीच्या मदतीसाठी सातबाऱ्यावरची पिकाची नोंद पाहिली जाते. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने 'कपास किसान' हे ॲप आणले. हमीभावाने कापूस विकायचा तर त्यावर आधी नोंदणी आणि मग स्लॉट घ्यायचा. त्या नोंदणीलाही कपाशीच्या लागवडीची नोंद लागते.

म्हणजे साखळी अशी आहे: वावरातला फोटो चढला तर सातबाऱ्यावर कपाशी, सातबाऱ्यावर कपाशी असली तर नोंदणी, नोंदणी असली तर स्लॉट. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता आणि हंगामाच्या सुरुवातीला खुल्या बाजारातले दर त्याच्या खाली होते. क्विंटलमागे हजार रुपयांचा फरक धरला, तरी २० क्विंटल कापूस असलेल्या घराचे २० हजार रुपये एका न चढलेल्या फोटोपायी जातात. फवारणीचा खर्च एक-एक रुपयाने मोजणारे आपण हा तोटा कुठल्याच हिशेबात धरत नाही.

मुदती वाढल्या हे खरे. पीक पाहणीची वाढली, कापूस नोंदणीचीही वाढली. पण मुदतवाढ मिळेल असे धरून बसणे म्हणजे पेरणीनंतर पावसाची वाट पाहण्यासारखे आहे.

डायल-अपने शिकवलेली गोष्ट

मी अकोल्याहून कृषीची पदवी घेऊन २००३ मध्ये कामाला लागलो तेव्हा तालुक्याच्या गावातल्या एका माहिती केंद्रात बाजारभाव उतरवून फळ्यावर लिहायचे काम माझ्याकडे होते. इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचे. मोडेम नंबर फिरवायचा, किंचाळल्यासारखा आवाज करायचा आणि लागलेच तर लागायचे. मोडेमवर ५६ असा वेग लिहिलेला असे. गावाकडच्या तारेवर २८ किलोबिट मिळाले तरी आम्ही खूश असायचो. त्या वेगाने आजचा ३ एमबीचा एक फोटो पाठवायला १४ मिनिटे लागली असती, तीही मध्येच लाइन तुटली नाही तर.

लाइन तुटायचीच. एक्स्चेंजपासून घरापर्यंत तांब्याच्या तारेची जोडी यायची. वाटेत सांधे, खांबावरची डबी, तिथून घरात आलेली वायर. पावसाळ्यात सांध्यात ओल शिरली की बोलताना खरखर ऐकू यायची. माणसाला खरखरीतही बोलणे समजते, मोडेमला समजत नाही. तो वेग कमी करत जायचा आणि शेवटी तुटायचा.

पण त्या काळात एक सोय होती. कनेक्शन लागले नाही की संगणक एक क्रमांक दाखवायचा. ६८० म्हणजे डायल टोनच नाही, दोष आपल्या तारेत. ६७६ म्हणजे लाइन व्यस्त, थोडे थांबा. ६७८ म्हणजे पलीकडून उत्तर नाही. ६९१ म्हणजे वापरकर्त्याचे नाव किंवा पासवर्ड चुकला, तार ठीक आहे. क्रमांक पाहिला की कुठे हात घालायचा ते कळायचे. वायरमन यायच्या आधी आम्ही रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकायचो, त्याच लाइनवरचा दुसरा फोन काढून ठेवायचो, मोडेम घरात आलेल्या पहिल्याच सॉकेटला लावायचो. तरीही तुटत असेल तर मोडेमचा वेग मुद्दाम कमी करायचो. हळू चालणारी पण टिकणारी लाइन, वेगवान पण दर पाच मिनिटांनी तुटणाऱ्या लाइनपेक्षा कामाची असते. वीज कडाडायला लागली की तार काढून ठेवायची. न काढल्यामुळे एक मोडेम माझ्याच हातून जळला आहे.

आजची ॲप असा क्रमांक दाखवत नाहीत. "काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा" एवढेच सांगतात. त्यामुळे दोष शोधायचे काम आपल्यालाच करावे लागते.

दोष कुठे आहे, ते कसे ओळखावे

ओटीपी येत नसेल तर इंटरनेटला दोष देऊ नका. ओटीपी हा साधा एसएमएस आहे, त्याला डेटा लागत नाही. शेजाऱ्याला त्या फोनवर एक साधा एसएमएस पाठवायला सांगा. तो आला आणि ओटीपी आला नाही, तर बहुधा तो दुसऱ्याच नंबरवर जातो आहे. रोहिणखेडच्या पहिल्या शेतकऱ्याचे तसेच होते. नोंदणीत जुना नंबर होता आणि ते सिम रिचार्जअभावी बंद पडले होते. नंबर आधारला जोडलेला असेल तर तो तिथेही बदलून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ लागू शकतो. म्हणून ही तपासणी पेरणी झाल्या झाल्या करावी, मुदतीच्या आठवड्यात नाही.

फोटो चढत नसेल तर जागा पाहा. रोहिणखेड अजिंठ्याच्या रांगेच्या पायथ्याचे गाव. १५९० च्या लढाईमुळे त्याचे नाव इतिहासात आहे. ज्या चढ-उतारांनी तेव्हा फौजा अडवल्या असतील, तेच आज टॉवरचा सिग्नल अडवतात. टेकाडाआडच्या वावरात फोनवर फोर-जीऐवजी 'ई' हे अक्षर दिसले, तर समजा तुम्ही जवळपास डायल-अपच्या काळात उभे आहात. इथे एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. फोनला तुमची जागा उपग्रहावरून कळते, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. नेट नसेल तर जागा पकडायला थोडा जास्त वेळ लागतो इतकेच. तेव्हा झाडाखालून उघड्यावर या, दोन-तीन मिनिटे थांबा आणि फोटो वावरातच घ्या. पीक पाहणीत माहिती फोनमध्ये साठवून नंतर अपलोड करता येते. तुमच्या आवृत्तीत तो पर्याय कुठे आहे ते घरी असतानाच पाहून ठेवा. गावात किंवा ग्रामपंचायतीत नेट चालत असेल तिथे येऊन अपलोड करा. दुसऱ्या शेतकऱ्याचे काम असेच झाले, धुऱ्यावरून रस्त्यापर्यंत चालत आल्यावर. मात्र खाते आणि गट निवडण्याचा सुरुवातीचा भाग नेट असताना उरकून घ्यावा, आणि अपलोड होईपर्यंत ॲप काढून पुन्हा टाकू नये. साठवलेली नोंद त्यात पुसली जाऊ शकते.

तिसऱ्याकडे मी चुकलो. रेघा पूर्ण होत्या म्हणून मी फोनला दोष दिला आणि ॲप नव्याने टाकायला लावले. खरे तर आधी हवामानाचे किंवा बाजारभावाचे एखादे पान उघडून पाहायला हवे होते. ते लगेच उघडले असते, म्हणजे लाइन ठीक होती आणि दोष पलीकडच्या सर्व्हरवर होता. राज्यभरातले शेतकरी त्याच वेळी त्याच दारात उभे होते. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्याच फोनवरून नोंद झाली.

रेघांबद्दलही सांगतो. पूर्वी डायल टोन आली म्हणजे फक्त एक्स्चेंजपर्यंतची तार ठीक आहे एवढेच कळायचे. रेघांचेही तसेच आहे. त्या फक्त फोन आणि टॉवरमधल्या सिग्नलची ताकद सांगतात. टॉवरच्या पुढची जोडणी बंद असली किंवा गर्दीने भरली, तरी रेघा पूर्णच दिसतात. दुसरे पानही उघडत नसेल तर वेगळ्या कंपनीचे सिम असलेला फोन मागून पाहा. तो चालला तर दोष आपल्या कंपनीच्या टॉवरकडे आहे, आपल्या फोनकडे नाही.

वारणेने हे आधीच पाहिले आहे

कमजोर लाइनवर शेतीचा कारभार चालवायची वेळ महाराष्ट्रात नवी नाही. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. गावात संगणक, त्याला जोडणी आणि ऊस उत्पादकाला वजन, तोडणी, खते यांची माहिती गावातच. पुढे २००६-०७ च्या सुमारास सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस वापरून पाहिले, आणि तेच काम स्वस्तात झाले. कारण उघड होते. उसाचे वजन ही एका ओळीची माहिती आहे, ती न्यायला जाड तार लागत नाही.

कापसाचा स्लॉटही एका ओळीचीच माहिती आहे. दिवस, केंद्र, क्विंटल. ती एसएमएसने मागता आणि मिळवता आली, तर टेकाडाआडच्या शेतकऱ्याचाही नंबर लागेल. फायबर आणायचे काम २०११ च्या मंजुरीपासून चालू आहे, २०२३ मध्ये भारतनेटला १.३९ लाख कोटी रुपयांचा नवा कार्यक्रमही मंजूर झाला. ते व्हायलाच हवे. पण फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येते आणि फोटो वावरातून काढायचा असतो. त्यामुळे ॲप बनवणाऱ्यांनी कमजोर लाइन गृहीत धरूनच ॲप बनवावे, असे माझे मत आहे.

सहायक कृषी अधिकारी आणि ग्राम महसूल अधिकाऱ्यांसाठी

जुलैमध्ये, गर्दीच्या आधी, शिवारात फिरताना फोन हातात ठेवा आणि ज्या गटांत सिग्नल मिळत नाही त्यांचे क्रमांक लिहून काढा. ती यादी ग्रामसभेत वाचून तहसीलदारांकडे द्या. सहायकाकडून पाहणी करताना ते गट आधी घेता येतील, आणि मुदतवाढ मागायची वेळ आली तर हातात कागद असेल. टॉवरबद्दल तक्रार करताना कंपनीकडून तक्रार क्रमांक घ्याच. निवारण झाले नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. क्रमांक नसेल तर तिथे कोणी ऐकत नाही. शेतकऱ्याने ॲप अडकल्याचा स्क्रीनशॉट तारीख आणि वेळ दिसेल असा काढून ठेवावा. आणि फोनमधली तारीख-वेळ बरोबर आहे ना, लोकेशनची परवानगी चालू आहे ना, हेही पाहावे. रोहिणखेडहून निघताना भेटलेल्या चौथ्याचे तेवढेच बंद होते.