बाईंचा तास, बाईचा हक्क

विषय मराठी असो, समाजशास्त्र असो की व्यवस्थापन, आज महाराष्ट्रातल्या अनेक कॉलेजांत एम.ए., नेट-सेट, पीएच.डी. झालेल्या बाई वर्गावर येतात त्या शिक्षिका म्हणून नव्हे, 'तास' म्हणून. याला 'तासिका तत्त्व' असे भारदस्त नाव आहे. पैसे घेतलेल्या तासाचे; मे महिन्याचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. घरकाम करणाऱ्या बाईचा खाडा कापतात, तसाच हिचाही. साध्या मराठीत ही रोजंदारी आहे. ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या तसबिरीला हार घालण्यासाठी तास रद्द झाला, की हिची तेवढी कमाईही बुडाली!

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमावलीत कंत्राटी नेमणुकांना एकूण पदांच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली. २०२५ च्या मसुद्यात ती मर्यादाच गाळली. म्हणजे पदे रिकामी ठेवा आणि काम तुकड्यातुकड्याने करून घ्या!

तासिकेवरचे पुरुषही नाडले जातात. पण पुरुषाची ती बेकारी ठरते आणि बाईची 'सोय'. "घर सांभाळून करता येते ना!" असे वाशीपासून पनवेलपर्यंत कुठेही ऐकायला मिळते. सोय नेमकी कुणाची?

बाळंतपणात ही सोय उघडी पडते. पोट दिसू लागले की पुढच्या सत्राच्या यादीतून नाव गळते. कुणी काढून टाकत नाही. फक्त पुन्हा बोलावत नाही.

१९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने वर्षात ८० दिवस काम केलेल्या स्त्रीला भरपगारी रजेचा हक्क दिला. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ती रजा २६ आठवड्यांची झाली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. ८ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या मस्टरवरील रोजंदार बायकांना हा लाभ मिळवून दिला. त्या रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या बायका होत्या आणि युनियनमधून लढल्या होत्या. हाच कायदा समाजकार्याच्या वर्गात फळ्यावर लिहून शिकवणाऱ्या बाईंना मात्र तो लागू होत नाही, असे संस्था बिनदिक्कत सांगतात!

मुंबईच्या एस.एन.डी.टी. विद्यापीठात १९७४ साली देशातले पहिले स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झाले. स्त्रियांचे श्रम मोजले जात नाहीत, हे आपण तिथून शिकलो. पण विद्यापीठे स्वतःच्या वर्गातले श्रम कधी मोजणार? जून २०२४ मध्ये खाडीपलीकडे देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने ५५ शिक्षक आणि ६० शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना करार संपल्याची पत्रे दिली. ओरड झाली आणि दोन दिवसांत ती मागे घ्यावी लागली. ओरडल्याशिवाय काही होत नाही, हाच त्याचा धडा.

रिकामी पदे भरा. तोवर तासिकेवरच्या प्रत्येकीला नेमणूकपत्र, बारा महिन्यांचे वेतन आणि बाळंतपणाची रजा द्या. आणि प्राध्यापिका मैत्रिणींनो, आपण मजूर आहोत हे म्हणायची लाज आता सोडू या. रस्त्यावर राबणाऱ्या बायकांनी ती सोडली, म्हणूनच त्या जिंकल्या.