म्हातारीचे डोळे कुणाच्या हिशेबात?

‘आता या वयात डोळ्याचं ऑपरेशन करून काय करायचंय? तिला काय पोथी वाचायचीय?’ शहापूर आणि मुरबाड तालुक्यातल्या गावांत, पाड्यांवर महिला मंडळाच्या कामासाठी फिरताना हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की, आताशा त्याचं आश्चर्य वाटेनासं झालंय. राग मात्र येतो. कारण हे वाक्य बहुतेक वेळा घरातल्या म्हातारीबद्दल असतं. आजोबांच्या डोळ्यांबद्दल तेच घर वेगळं बोलतं. ‘त्यांना बाजाराला जावं लागतं, एसटीची पाटी दिसत नाही, एखाद्या गाडीखाली आले म्हणजे?’ म्हणून शिबिराच्या यादीत आजोबांचं नाव आधी लागतं. आजी काय, घरातच तर असते!

पण मैत्रिणींनो, खरी गोम इथेच आहे. ती घरात असते म्हणूनच तिचं न दिसणं कुणाच्या लक्षात येत नाही. चाळीस-पन्नास वर्षं त्याच घरात वावरलेल्या बाईला मिठाची बरणी कुठे, तवा कुठे, उंबरा किती उंच, हे सगळं हाताला आणि पायाला पाठ झालेलं असतं. ती अंदाजानं भाकरी थापते, अंदाजानं गोठा झाडते. घरच्यांना वाटतं, चालतंय की सगळं! आजोबा रस्त्यात अडखळले तर चार लोक बघतात. आजी चुलीशी भाजली तर ती हाताला तेल लावून गप्प बसते.

थोडं लक्ष दिलं तर खुणा कितीतरी दिसतात. तांदूळ निवडूनही घासाला खडा लागतो. नातवंड जवळ आलं तरी ते बोलेपर्यंत कोण आलंय ते तिला कळत नाही. उन्हात डोळे दिपतात म्हणून ती ओटीवर बसायचं टाळते. रात्री दिव्याभोवती कडं दिसतं. आमच्याकडे विहिरीची वाट काही सरळ नसते. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा, भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातच आहेत, पण उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवरच्या बायका आजही डोक्यावर हंडा घेऊन उतार चढतात. अशा वाटेवर धूसर डोळ्यांनी उतरणारी आजी पाय घसरून पडली की सगळे म्हणतात, ‘वय झालं हो!’ वय झालंच, पण पडली ती न दिसल्यामुळे, हे कोण बोलणार?

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वरून आलेला पडदा नव्हे. डोळ्यातलं मुळातलं पारदर्शक भिंग वयाबरोबर गढूळ होतं, तो मोतीबिंदू. मधुमेह असेल तर तो लवकर येतो. वर्षानुवर्षं उन्हात काम आणि चुलीचा धूर यांचाही त्याच्याशी संबंध जोडला जातो. म्हणजे आमच्या बायकांच्या वाट्याला दोन्ही आलंच! २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतल्या अंधत्वाच्या कारणांमध्ये मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के निघाला. म्हणजे ज्यांना दिसत नाही, त्यांच्यातल्या दर तिघांपैकी साधारण दोघांचं अंधत्व एका छोट्या ऑपरेशननं दूर होण्यासारखं आहे. आणि जगभर पाहिलं तर अंधांमध्ये बायकांची संख्या पुरुषांपेक्षा जास्तच आहे.

यावर औषधाचे थेंब नाहीत, अंजन नाही. गढूळ भिंग काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणं हाच इलाज. १९४९ साली लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांनी पहिल्यांदा असं भिंग बसवलं. आपल्याकडे ते सर्वांना परवडायला मात्र बराच काळ जावा लागला. तोवर नुसतं भिंग काढायचे आणि मग सोडा-बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आयुष्यभर नाकावर. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयानं १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ सुरू केली आणि परदेशी भिंगाच्या किमतीच्या अगदी थोड्या भागात इथेच भिंगं बनू लागली. महाराष्ट्रात जे. जे. रुग्णालयाच्या डॉ. तात्याराव लहाने यांनी ग्रामीण आणि आदिवासी भागांत शिबिरं घेतली, २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. थोडक्यात काय, तंत्र आलं, भिंगं स्वस्त झाली, डॉक्टरही पुढे आले.

पण आमच्या डोक्यातला जुना हिशेब काही गेला नाही. ‘पिकू दे, मग काढू’ हा तो हिशेब. जुन्या पद्धतीत मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावं लागायचं, तेव्हा ते बरोबरच होतं. आता छोट्या छेदातून, बहुतेक वेळा टाका न घालता ऑपरेशन होतं आणि वीसेक मिनिटांत उरकतं. आता पिकायची वाट बघणं म्हणजे काम अवघड करून ठेवणं. फार पिकलेल्या मोतीबिंदूनं डोळ्यातला दाब वाढू शकतो. त्या दाबानं आतली नस खराब झाली की गेलेली नजर कुठलाही डॉक्टर परत आणू शकत नाही.

डोळखांब बाजूच्या एका पाड्यावरच्या आजींचं असंच झालं. शिबिरात तपासणी झाली, यादीत नाव लागलं, न्यायला गाडीही आली. पण मुलगा कामाला बाहेरगावी, सून मजुरीला, घरात दोन लहान पोरं आणि शेळ्या. सोबत कोण जाणार? आणि मागे पोरांकडे कोण बघणार? ‘पुढच्या टायमाला जाईन गं बाय,’ म्हणत आजी थांबल्या. गाडीतली त्यांची जागा रिकामी गेली. पुढच्या खेपेला डोळा लाल होऊन, डोकं ठणकत त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. त्या डोळ्यानं त्यांना आता उजेड-अंधार एवढंच कळतं.

यात पैशाचा प्रश्न कुठे होता? अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून आहे आणि त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन फुकट होतं. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. तिथे किंवा गावातल्या आशाताईकडे चौकशी केली की तपासणी कधी आणि ऑपरेशन कुठे ते कळतं. मुरबाडला रेल्वे नाही, कल्याणला जायचं तर एसटी. पण २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पैशाची अडचण अगदीच नाही असं म्हणत नाही. सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो, तोही पैसाच. पण आजींची गाडी चुकली ती माणूस नव्हतं म्हणून. बरोबर जायला माणूस नाही आणि तिच्या जागी घरात उभं राहायलाही माणूस नाही!

ऑपरेशननंतरही तेच. दवाखान्यात काम वीस मिनिटांचं, घरात ते महिनाभराचं. चार-सहा आठवडे सांगितल्या वेळी डोळ्यात थेंब घालायचे. डोळा चोळायचा नाही, त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, भरलेला हंडा उचलायचा नाही, धुरापासून लांब राहायचं. आता सांगा, काळा चष्मा लावलेली आजी तिसऱ्या दिवशी चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेली तुम्ही पाहिली नाही का? आजोबांचं ऑपरेशन झालं की आजी त्यांना जागेवर चहा देते, थेंब घालते. आजीचं झालं की थेंब कोण घालणार?

इथे कुणी म्हणेल, म्हणजे शेवटी सुनेवरच आलं! नाही, मला तसं मुळीच म्हणायचं नाही. सून आधीच शेत, मजुरी, पोरं यांत भरडलेली असते. आई मुलाची आहे, तर दोन दिवसांचा रोज त्यानं बुडवावा. थेंब घालायला काही बाईचाच हात लागतो असं नाही. बाटली धरून, खालची पापणी ओढून एक थेंब सोडायचा. शाळेत जाणारा नातूसुद्धा हात स्वच्छ धुऊन हे करू शकतो.

भीतीचंही बोलायला हवं. ‘अमकीचा डोळा गेला’ ही गोष्ट प्रत्येक गावात असते आणि ती दरवेळी खोटी नसते. २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या बडवानीत शिबिरातल्या ऑपरेशननंतर जंतुसंसर्गानं अनेकांची नजर गेली होती. म्हणून घाबरून घरी बसायचं नाही, पण प्रश्न विचारायचे. ऑपरेशन रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात होणार ना? दुसऱ्या दिवशी तपासणार कोण? काही झालं तर फोन कुणाला करायचा? आणि घरी आल्यावर डोळा दुखला, जास्त लाल झाला किंवा आलेली नजर कमी होऊ लागली, तर ‘उद्या बघू’ न म्हणता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

माझं म्हणणं असं आहे की, हे काम गावातल्या बचत गटांनी आणि महिला मंडळांनी हातात घ्यावं. साठीपुढच्या प्रत्येक बाईला ओटीवर उजेडात बसवा. एक डोळा झाकायला सांगून दहा फुटांवरून बोटं मोजायला लावा, मग दुसरा झाकून. जिला मोजता येत नाहीत, तिचं नाव यादीत. मोतीबिंदू आहे की आणखी काही, ते डॉक्टर बघतील. एक डोळा झाला की ‘भागतंय की’ म्हणून दुसरा राहून जातो, त्याचीही नोंद ठेवा. मग पाळी लावा. बरोबर कोण जाणार, पाणी कोण भरणार, आठ दिवस भाकरी कुणाच्या घरून येणार. आवणीला आपण एकमेकींच्या शेतात सावडीनं जातोच ना? तशीच ही सावड!

आणि म्हातारीच्या ‘नको’ला फार किंमत देऊ नका. ‘माझं काय राह्यलंय आता’ असं ती म्हणते, कारण आयुष्यभर ती शेवटीच जेवली आहे. एकदा पट्टी सुटू द्या, मग बघा. एका आजीनं घरी आल्या आल्या पहिली तक्रार केली ती कौलांखालच्या जाळ्यांची! सुनेनं कपाळाला हात लावला, पण हसली.

ऑपरेशनला ऋतूचं बंधन नाही. पण आमच्याकडे हात मोकळे होतात ते दिवाळीनंतर, भात झोडून घरात आलं की. त्याच वेळी यादी काढली तर पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरेपर्यंत कितीतरी आज्यांचे थेंबसुद्धा संपलेले असतील. मग जत्रेत आजीनं नातीचा हात धरायचा तो गर्दीत नात हरवू नये म्हणून.