एकेक डोळा झाकून पाहा

डोळ्याचा पडदा सुटला म्हटले की आपल्याला मार, मोठ्या नंबरचा चष्मा किंवा मधुमेह आठवतो. काही जणांत मात्र या दुखण्याचे मूळ जन्मजात असते. डोळ्याची नस पडद्याला मिळते तिथे गर्भातच बारीक खड्डा राहून जातो. त्याला ‘ऑप्टिक डिस्क पिट’ म्हणतात. साधारण अकरा हजारांत एकाला तो असतो, असे मानले जाते. विशी-तिशीपर्यंत सहसा त्रास नसतो. मग काहींत खड्ड्याच्या वाटेने पाणी पडद्याच्या थरांत शिरते, पुढे पडद्याखाली साचते आणि वाचताना अक्षरे मधोमध पुसट, वाकडी दिसू लागतात.

निदान चुकते ते इथेच. तरुण माणूस आणि पडद्याच्या मध्यभागी पाणी, म्हणजे ‘सीएससीआर’ (सेंट्रल सिरस कोरिओरेटिनोपथी) असणार असे धरून थांबायला सांगितले जाते. तो आजार बहुधा आपोआप ओसरतो. पिटचे पाणी सहसा ओसरत नाही आणि फार काळ राहिले तर गेलेली नजर पुरती परत येत नाही. म्हणून थेंब घालून बाहुली मोठी करावी आणि नसेचे तोंड न्याहाळावे. तिथे, बहुधा कानाकडच्या बाजूला, करड्या रंगाचा लंबगोल ठिपका दिसतो. पडद्याचे थर दाखवणारा ओसीटी स्कॅनही नसेपर्यंत घ्यायला हवा, नुसता मध्यभागाचा नव्हे.

नजर उतरत असेल तर व्हिट्रेक्टॉमी करतात: डोळ्यातली जेली काढून गॅस भरतात, काही वेळा नसेच्या कडेला लेसर देतात. गॅस विरेपर्यंत विमानप्रवास वर्ज्य. पाणी ओसरायला कित्येक महिने, कधी वर्षही लागते; तेवढ्यात शस्त्रक्रिया फसली असे समजू नये.

लहान मुलांत नसेच्या तोंडाचाच ‘मॉर्निंग ग्लोरी’ हा जन्मजात दोष अधिक काळजीचा. नेत्रतज्ज्ञ किंडलर यांनी 1970 मध्ये त्याला फुलाचे हे नाव दिले. त्यातही पडदा सुटू शकतो, शिवाय मेंदूच्या तळाशी किंवा रक्तवाहिन्यांत दोष असू शकतो, म्हणून एमआरआय टाळू नये.

वडोदऱ्याजवळच्या बाजवा, कोयली, फर्टिलायझरनगर या पट्ट्यातल्या आपल्या मराठी घरांना एवढेच सांगणे आहे. एका डोळ्याचा दोष दुसरा डोळा झाकून टाकतो, म्हणून मूल तक्रार करत नाही. त्याचा एकेक डोळा तळहाताने झाकून समोरचे कॅलेंडर वाचायला लावा. फरक जाणवला किंवा डोळा तिरळा वाटला, तर चष्म्याच्या दुकानावर न थांबता वडोदऱ्याच्या सयाजीराव रुग्णालयात किंवा पडद्याच्या डॉक्टरांकडे न्या, आणि बाहुली मोठी करून नस तपासायला सांगा.