यंत्र लॉरीवर, माणूस टाकीत!

गिंडी येथे 1958 साली औद्योगिक वसाहत स्थापन झाली. पुढच्याच वर्षी गिंडीच्या जंगलाची जमीन घेऊन मद्रास आय.आय.टी. उभी राहिली. उद्योग आणि विज्ञान असे एकाच परिसरात नांदू लागले. परंतु याच महानगरात मैला उपसणाऱ्या टँकर-लॉरीवरील कामगाराच्या पदरात या प्रगतीतून काय पडले?

या लॉरीवरील पंप टाकीतील हवा खेचून घेतो आणि पातळ मैला नळीवाटे वर चढतो. तळाशी वर्षानुवर्षे घट्ट झालेला गाळ मात्र नळीला येत नाही. तो फोडण्यास जोरदार पाण्याचा मारा करणारे यंत्र लागते. खेपेवर कमाई मोजणाऱ्या मालकाला तो खर्च नको असतो. मग यंत्र थांबते आणि विषारी वायूने भरलेल्या टाकीत माणूस उतरवला जातो. तो माणूस बहुधा दलितच असतो, हा योगायोग नव्हे!

उपाय नाही असे कोण म्हणतो? गाळ फिरत्या पात्यांनी फोडून उपसणारे ‘होमोसेप’ यंत्र याच आय.आय.टी.त तयार झाले. 2022 साली त्याची पहिली यंत्रे तामिळनाडूत सफाईकामात पती गमावलेल्या स्त्रियांच्या गटांकडे सोपविण्यात आली. केरळात डाव्या आघाडीच्या राजवटीत 2018 सालीच गटारे साफ करणारा यंत्रमानव कामाला लागला. अर्थात उणीव विज्ञानाची नाही. नफ्याच्या हिशेबात यंत्रापेक्षा माणूस स्वस्त ठरतो, हे खरे कारण होय.

राज्यकर्त्यांचे ढोंग याहून संतापजनक आहे. सुरक्षा साधनांवाचून माणसाला गटारात वा टाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा ठरले. तरीही जुलै 2021 मध्ये केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी राज्यसभेत सांगितले की, हाताने मैला साफ करताना मृत्यू झाल्याची नोंद नाही. त्याच अधिवेशनात गटारे व टाक्या साफ करताना 941 कामगार मेल्याचे सरकारनेच मान्य केले! व्याख्या बदलली की प्रेते नाहीशी होतात, असा हा न्याय आहे.

महाराष्ट्रानेही हात झटकू नयेत. डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीत एका खाजगी सोसायटीच्या टाकीत तीन कामगार गुदमरून मेले. भरपाईसाठी त्यांच्या विधवांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाईची रक्कम 10 लाखांवरून 30 लाख केली. पण मरणाची किंमत वाढवल्याने मरण थांबत नाही.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे : मैला उपसण्याचे काम कंत्राटदाराच्या हातून काढून पालिकांनी स्वतःकडे घ्यावे, प्रत्येक टँकरसोबत गाळ फोडणारे यंत्र सक्तीचे करावे, कामगारांना कायम करावे, माणूस उतरवणाऱ्या मालकावर खटला भरावा. सफाई कामगारांचा हा लढा केवळ त्यांचा नाही. तो वर्गलढ्याचा आणि जातिअंताच्या लढ्याचा एकत्र मोर्चा आहे. कामगार संघटनांनी तो आपल्या अग्रक्रमावर घेतलाच पाहिजे!