जुलाब दातांमुळे होत नाहीत



तान्ह्या बाळाला जुलाब लागले की आपल्याकडे म्हणतात, "दात येताहेत, व्हायचंच." मला हे पटत नाही. दात सगळ्यांनाच येतात, पण सलाईन सगळ्यांना लागत नाही. बाळांच्या जोराच्या जुलाबांचे एक मोठे कारण म्हणजे रोटा विषाणू. १९७३ साली ऑस्ट्रेलियात रूथ बिशप यांनी व त्यांच्या सोबत्यांनी तो शोधला.

त्यावर लस आहे. सुई नाही, तोंडानेच देतात. दीड, अडीच व साडेतीन महिन्यांना, सरकारी दवाखान्यात फुकट. आपल्या देशात ती २०१६ साली चार राज्यांत सुरू झाली, महाराष्ट्रात २०१९ साली आली. मेक्सिको देशाने २००६-०७ मध्ये ती सुरू केली. २००८ साली तिथे पाच वर्षांखालील मुलांचे जुलाबाने होणारे मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी घटले. अमेरिकेत तर लस न घेतलेली मोठी मुलेही कमी आजारी पडू लागली. कारण रोग पसरायला जागाच कमी उरली. म्हणजे एका घरचा डोस शेजारच्याही कामी येतो.

काहीजण म्हणतात, "डोस दिला तरी जुलाब झालेच की!" खरे आहे. इतर जंतूंनीही जुलाब होतात. त्यासाठी स्वच्छ पाणी, साबणाने हात धुणे आणि जलसंजीवनी हवीच. पण नुसत्या स्वच्छतेने रोटा थांबत नाही.

बाळ आजारी पडले की आईचा रोज बुडतो आणि ताईची शाळा. म्हणून माझी नम्र विनंती आहे, एका डोसावर थांबू नका. तिन्ही पुरे करा.

— इयत्ता सातवी