बोटभर मासा आणि २.११ हेक्टर

शीर्षक बघून हा सर्व्हेइंगचा प्रॉब्लेम वाटला असेल, तर घाबरू नका. विषय एका माशाचा आहे, आणि मेसच्या रस्स्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही!

शाहूपुरीतून चालत स्टँडवर गेलं की आजऱ्याकडून आंबोलीला जाता येतं. पावसाळ्यात आपली अख्खी बॅच तिथे जाते, धबधब्याखाली भिजते, मक्याची कणसं खाते आणि परत येते. त्याच आंबोलीजवळ डोंगरातल्या गुहेतून झरा येतो. तिथे महादेवाचं देऊळ आहे, कुंड आहे आणि तिथेच हिरण्यकेशी नदीचा उगम आहे. या पाण्यात माशाची एक नवी जात सापडली. प्रवीणराज जयसिंहन, तेजस ठाकरे आणि शंकर बालसुब्रमण्यम या संशोधकांनी २०२० साली ती जगासमोर आणली आणि नदीचंच नाव तिला दिलं: शिस्टुरा हिरण्यकेशी. मासा बोटभर, तोंडाजवळ मिशा, तळाच्या दगडगोट्यांत राहणारा. त्याला स्वच्छ, खेळतं पाणी लागतं.

२०२१ साली सरकारने इथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. लई भारी काम झालं, यात वादच नाही. पण माझं म्हणणं असं, की हे पुरेसं नाही. २.११ हेक्टर म्हणजे जेमतेम पाच एकर. झऱ्याचं पाणी काय त्या पाच एकरांत तयार होतं? पाऊस वरच्या डोंगरावर पडतो, जमिनीत मुरतो आणि मग खाली झरा होऊन बाहेर येतो. म्हणजे मासा हद्दीच्या आत आणि त्याचं पाणी हद्दीच्या बाहेर! उद्या वर झाडं तोडली, बोअर मारल्या, रिसॉर्टचे सेप्टिक टँक आले, तर खालचा बोर्ड काय करणार?

ही नुसती थिअरी नाही. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात डेव्हिल्स होल नावाचं एक पाण्याने भरलेलं भुयार आहे. तिथला इंचभर पपफिश जगात दुसरीकडे कुठेच नैसर्गिकरीत्या आढळत नाही. सुमारे चार किलोमीटरवरच्या शेतातले पंप सुरू झाले आणि इथली पातळी खाली गेली. ज्या उथळ कपारीवर हे मासे खातात, अंडी घालतात, तीच उघडी पडायला लागली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७६ साली कोर्टाने पाणी उपशावर मर्यादा कायम केली. तरीसुद्धा २०१३ च्या मोजणीत फक्त ३५ मासे उरले होते. आपल्या एका प्रॅक्टिकल बॅचला याहून जास्त पोरं असतात!

कोणी म्हणेल, "एवढ्याशा माशासाठी विकास थांबवायचा काय?" भावा, ज्या पाण्यावर तो मासा जगतो तेच पुढे आजरा, गडहिंग्लज करत घटप्रभेला मिळतं. उगमालाच घाण झाली तर खालच्यांनी काय प्यायचं? आपल्या शाहूपुरीजवळचा जयंती नाला बघा. नाव किती गोड, आणि पुलावरून जाताना नाकाला रुमाल!

मला जास्त भीती वाटते ती 'सुशोभीकरण' या शब्दाची. कुंडाला फरशी, कडेने काँक्रीट, वर रंगीत लाइट. दगडगोटे काढले की माशाचं घरच गेलं. आणि हे एस्टिमेट करणार कोण? चार वर्षांनी आपल्यातलाच कोणीतरी सिव्हिलवाला. भक्तांना दोष देऊ नका. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहातले मासे देवीचे म्हणूनच लोकांनी राखलेत. श्रद्धेने जे राखलं ते टेंडरने घालवू नये, एवढंच.

मग आपण काय करायचं? कुंडात साबण, निर्माल्य, घरच्या टाकीतले गप्पी मासे टाकायचे नाहीत, हे तर झालंच. पण फायनल इयरला तोच तोच जुना प्रोजेक्ट रिपोर्ट झेरॉक्स मारण्यापेक्षा, रीतसर परवानगी घेऊन, कुंडाला हात न लावता, खालच्या अंगाला वर्षभर दर महिन्याला झऱ्याचा डिस्चार्ज मोजा. पाणी नेमकं कुठून येतं त्याचा नकाशा करा. सरांनीही असा विषय दिला तर फार बरं होईल. हद्द वाढवा म्हणून मागायला गेलं की सरकार आकडे विचारतं, आणि आकडे काढणं हेच तर आपण इथे चार वर्षं शिकतोय.