दिवाणखान्यातला समुद्र

पुण्याला समुद्र नाही, म्हणून तो काचेच्या टाकीत आणायचा शौक आम्हा आयटीवाल्यांना परवडतो. २०० लिटर पाण्याला ७ किलो मीठ, अमोनिया पचवणारे जीवाणू रुजेपर्यंत काही आठवडे कळ, एप्रिलात पाणी २६ अंशांवर ठेवणारा चिलर. इथवर माझी तक्रार नाही. पण त्यात जिवंत प्रवाळ कशाला? वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१पासून सगळे कठीण प्रवाळ आहेत, वाघाच्या पंक्तीला. वाघाचा बछडा सोफ्याला बांधणाऱ्याला आपण निसर्गप्रेमी म्हणतो का? ‘परदेशी शेतीतलं आहे,’ असं दुकानदार सांगतो. कागद मागितला की विषय बदलतो. प्रवाळ बघायचंय? मालवणला जा, पाण्यात उतरा, आणि हात न लावता परत या.